नीतिसमितीचे स्वातंत्र्य : संख्या आणि सत्ता

मनुष्यावर प्रयोग करणाऱ्याने आपल्या प्रयोगाच्या नैतिकतेचा निवाडा स्वतःच करू नये, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. हेलसिंकीचा जाहीरनामा १९६४ साली संमत झाला. संशोधनाचा आराखडा स्वतंत्र समितीपुढे ठेवावा, ही अपेक्षा त्यात १९७५ च्या टोकियो येथील दुरुस्तीने आली. या ‘स्वतंत्र’ शब्दाचा आपल्या नियमांनी लावलेला अर्थ तपासून पाहण्याजोगा आहे.

नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार समितीत किमान सात सदस्य हवेत; त्यांपैकी निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावेत आणि अध्यक्षही बाहेरचाच असावा. ही तरतूद स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु सदस्य-सचिव संस्थेतलाच असतो व त्याची नेमणूकही संस्थाच करते. बाहेरचे सदस्य सभेपुरते येतात. कागदपत्रे, पत्रव्यवहार व इतिवृत्त मात्र सचिवाच्या कार्यालयात राहतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी संस्थाप्रमुखाला समितीचे सदस्यत्व नाकारले. पण समिती नेमण्याचा आणि वाद सोडविण्याचा अधिकार त्याच्याकडेच ठेवला. संस्थेला निधी व लौकिक मिळवून देणारा प्रकल्प समितीने अडविला, तर उद्भवणाऱ्या वादात संस्थाप्रमुख तटस्थ राहील, असे गृहीत धरावे लागते. म्हणजे स्वातंत्र्य संख्येने मोजले गेले, सत्तेने नव्हे.

यावर असा आक्षेप येईल, की रुग्णालयाची अंतर्गत माहिती असणारी माणसे समितीत नसतील तर तिचा निर्णय पुस्तकी ठरेल. तो रास्त आहे. शिवाय पूर्णतः बाहेरची समिती प्रायोजकाच्या शुल्कावर जगू लागली, तर एक पराधीनता जाऊन दुसरी येईल. म्हणून प्रश्न सदस्यांच्या वास्तव्याचा नसून त्यांच्या नेमणुकीचा, निष्कासनाचा आणि खर्चाचा आहे. सदस्याची मुदत निश्चित असावी. मुदतीपूर्वी त्याला दूर करावयाचे झाल्यास नोंदणी-अधिकाऱ्याकडे लेखी कारणे द्यावी लागावीत. शुल्काचा हिशेब स्वतंत्र असावा. आणि अपिलाचा निर्णय संस्थेबाहेर व्हावा.

संमतिपत्रावर अंगठा उठविणारा रुग्ण आराखडा वाचत नाही. आपल्या वतीने कोणीतरी तो वाचला आहे, एवढ्याच विश्वासावर तो प्रयोगाला तयार होतो. ज्याला ‘नाही’ म्हटल्याची किंमत मोजावी लागणार नाही अशा माणसाने तो वाचलेला असणे, हाच या स्वातंत्र्याचा अर्थ होय.