सुरांचे संशोधन आणि अनुदानाचा अर्ज

(देऊळघाट, जि. बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल, की संगीत आणि ध्वनितंत्रज्ञान यांच्या संशोधनाला विद्यापीठांतून पैसा कसा मिळतो, ही चर्चा मुंबई-पुण्यात व्हावी. देऊळघाटात कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. ज्या आवाजांवर हे संशोधन चालते, त्यांतले कितीतरी आवाज अशाच गावांतून जातात. ओवी इथली, भजन इथले, नात आणि कव्वाली इथली. अर्ज भरतो शहरातला विभाग आणि पैसा देणारा बसलेला असतो त्याच्याही पलीकडे. तेव्हा या व्यवहाराचा हिशेब मागायचा पहिला हक्क गावाचा आहे.

‘आपल्याकडे पैसा कमी मिळतो’ ही तक्रार सगळेच करतात. ती खोटी नाही. देश संशोधनावर जो खर्च करतो तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्याही खाली आहे. पण आम्ही तत्त्वज्ञानाची माणसे. किती मिळाले, याच्या आधी कशासाठी मिळाले, हे विचारायची आम्हाला खोड. आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे, की अनुदानाचा अर्ज ज्या साच्यात भरून घेतला जातो, त्या साच्यात आवाज मोजायला जागा आहे, आवाज सांभाळायला नाही. रक्कम दुप्पट केली तरी हा दोष जाणार नाही.

जुन्या उदाहरणापासून सुरुवात करू. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुती नेमक्या कुठे आहेत, हे तारेची लांबी मोजून ठरवावे, असे त्यांनी मनावर घेतले. अब्दुल करीम खाँसाहेबांची साथ त्यांना मिळाली. १९१० साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. ई. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज सनदी अधिकारी त्यांना येऊन मिळाले आणि त्यातून श्रुतींची पेटी, म्हणजे श्रुती-हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित भातखंडे तिचे सूत्रधार. तिथे या पेटीची परीक्षा झाली आणि ती मान्य झाली नाही.

आता यात गंमत बघा. प्रयोग फसला असे म्हणता येईल, पण वाद खरा होता. स्वर हा ठरलेला बिंदू आहे, की गाताना राग त्याला जिथे नेतो तिथे तो असतो? हा प्रश्न एका पेन्शनरने, एका गवयाने आणि एका अंमलदाराने उभा केला. पैसा संस्थानिकाचा आणि पदरचा. विद्यापीठ यात कुठेच नव्हते.

दुसरे उदाहरण चंद्रशेखर वेंकट रामन यांचे. तबला-मृदंगाच्या पुडीवर शाई असते, म्हणून त्या वाद्यातून सुरेल, एकमेकांशी पूर्णांकी प्रमाणात बसणारे उपस्वर निघतात, हे रामन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. साध्या ताणलेल्या कातड्यातून असे होत नाही. त्यावेळी रामन कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक होते. तारकनाथ पालित यांच्या देणगीतून निघालेले ते आसन. तो पैसा माणसाला आणि पदाला दिलेला होता. ‘तबल्यापासून समाजाला काय लाभ, तीन वर्षांत काय निष्पन्न होणार’ असा रकाना त्यात नव्हता. रामन यांना नोबेल मिळाले ते प्रकाशावरच्या कामाला, पण नादाचा अभ्यास त्यांनी पुढेही सोडला नाही. भारतीय चर्मवाद्यांवरचा त्यांचा मोठा निबंध १९३४ चा. पदाला दिलेला पैसा वाट बघू शकतो, हा यातला धडा.

अलीकडे या. २०११ ते २०१७ या काळात बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली ‘कॉम्पम्युझिक’ नावाचा मोठा प्रकल्प झाला. पैसा युरोपियन रिसर्च कौन्सिलचा. अभ्यासाला पाच परंपरा, त्यांतल्या दोन आपल्या: हिंदुस्थानी आणि कर्नाटक. मुंबई आणि मद्रासच्या आयआयटीतली मंडळी त्यात सहभागी होती. प्रकल्पाचा मुद्दा अगदी रास्त होता. संगणकाला संगीत ‘ऐकवण्याची’ जी साधने आहेत ती पाश्चात्त्य संगीतावर बेतलेली आहेत. सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसलेल्या यंत्राला मींड कळत नाही, आंदोलित गंधार कळत नाही. तेव्हा साधनेच बदलली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. काम चांगले झाले, आणि त्यातले बरेच इतरांना वापरायला खुले ठेवले.

आमचा सवाल त्यांना नाही, आपल्याला आहे. देवलांनी १९१० साली जे विचारले होते, ते शंभर वर्षांनी विचारायला पैसा बार्सिलोनाहून का यावा लागला? बुद्धी इथे होती, गायक इथे होते. प्रश्नाला पैसा लावण्याची तयारी तेवढी नव्हती.

आता ज्याच्यासाठी हे सारे सांगितले त्याकडे वळतो. जात्यावरच्या ओव्या. पुण्याचे गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. भर मुख्यतः पुणे जिल्हा आणि मराठवाड्यावर. १९९५ च्या सुमारास बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे फ्रेंच अभियंते त्यांना मिळाले आणि हजारो ओव्या प्रत्यक्ष आवाजात मुद्रित झाल्या. या कामाला युनेस्कोचे आणि युरोपातल्या दात्यांचे साहाय्य होते. काही वर्षांनी ते थांबले. २००४ साली पॉयटवँ गेले. २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने तो ठेवा लोकांपुढे आणायला सुरुवात केली.

गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. ओवीला जात्याची घरघर लागते, पहाट लागते, समोर दांड्याला हात लावणारी दुसरी बाई लागते. ते सारे संपल्यावर नवे मुद्रण होत नाही, उरते तेवढे जपावे लागते. आणि जपण्याच्या खर्चाला ‘संशोधन’ म्हणायला अनुदानवाले तयार नसतात. टेपची फीत चिकटते, बुरशी धरते. संगणकातली फाईलसुद्धा दर काही वर्षांनी नव्या ठिकाणी हलवावी लागते. यात शोधनिबंध निघत नाही. म्हणून पैसा नाही.

महाविद्यालयांचा कारभार आम्ही आयुष्यभर पाहिला. प्रकल्पातून रेकॉर्डर घेतला, की त्याची डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होते, त्याला क्रमांक पडतो, दरवर्षी पडताळणी होते. पुढे तो भंगारात काढायला रीतसर समिती बसते. आणि त्या रेकॉर्डरवर घेतलेला म्हातारीचा आवाज? त्याला क्रमांक नाही. उपयोगिता प्रमाणपत्र गेले, की त्याची विचारपूस संपली.

धोरण काय सांगते? विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या योजनेत मोठ्या प्रकल्पांना विज्ञानासाठी २० लाख आणि मानव्यविद्या-कला यांच्यासाठी १५ लाखांची मर्यादा ठेवली होती. संगीत कोणत्या रांगेत, हे पहिल्यांदा ठरवा, मग बोला! २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. पाच वर्षांत ५० हजार कोटींची भाषा झाली, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यावा ही अपेक्षा. मानव्यविद्यांना त्यात दार आहे, पण विज्ञान-तंत्रज्ञानाला जिथे त्या येऊन भिडतात तेवढेच. म्हणजे ओवीने आत यायचे तर यंत्राचे बोट धरून यायचे. ‘ओवी ऐकायची आहे’ याला पैसा नाही, ‘ओवी ओळखणारी प्रणाली करायची आहे’ याला मिळू शकेल. प्रणाली जरूर करा. पण तिला शिकवायला लागणारा आवाज कुणी सांभाळायचा?

इथे कुणी उठून म्हणेल, आणि म्हणावेच: सर, या जिल्ह्यात कापूस-सोयाबीनच्या भावाने माणूस मेटाकुटीला आलाय, पाण्याची मारामार आहे, आणि तुम्ही ओव्या काय घेऊन बसलात? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पण हा पैसा पाण्याच्या योजनेतून काढलेला नसतो. तो संशोधनासाठीच निघालेला असतो आणि कुठे ना कुठे खर्च होणारच असतो. कोणत्या मापाने, एवढाच वाद आहे. शिवाय शेतकऱ्याच्या घरात बाईने काय सोसले, हे सातबारा सांगत नाही. ओवी सांगते.

आपल्या महाविद्यालयांचे विद्यापीठ अमरावतीचे, संत गाडगे बाबांच्या नावाचे. बाबांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे सारे तत्त्वज्ञान कीर्तनात. १९५६ च्या नोव्हेंबरात बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले, ते ध्वनिमुद्रित झाले, आणि पुढच्याच महिन्यात बाबा गेले. तो आवाज आज आपण ऐकू शकतो, तो कुठल्या प्रकल्पामुळे नव्हे. कुणीतरी यंत्र लावले आणि पुढे कुणीतरी फीत जपली, म्हणून. ज्याच्या नावाचे विद्यापीठ, त्याचा आवाज असा योगायोगाने वाचावा, यावर विद्यापीठांनी विचार करावा.

आमच्या मागण्या तीनच. ध्वनीच्या प्रत्येक प्रकल्पात ठरावीक हिस्सा प्रकल्प संपल्यानंतरच्या जतनासाठी वेगळा काढावा. प्रत्येक मुद्रणाला गायकाचे नाव, गाव, संमती आणि नोंद क्रमांक असावा, आणि एक प्रत त्या गावच्या शाळेत किंवा वाचनालयात परत यावी. आणि प्रत्येक विद्यापीठात ध्वनिसंग्रह सांभाळणारे एक कायम पद असावे. तीन वर्षांचे कंत्राट नको.

हे वरून होईल याची वाट बघू नका. तुमच्याकडे कुणी माईक घेऊन आले, तर चहा पाजा, गा, मोकळेपणाने बोला. पण निघताना विचारा: हे रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, किती वर्षे, आणि आमची प्रत कधी देणार? अर्जात हे रकाने नाहीत. विचारणारे वाढले, तर येतील.