पहाटे पाचचा हिशेब

म्हसळ्यासारख्या तालुक्याच्या गावात चांगली कादंबरी हाती पडायची तर मुंबईहून कुणीतरी येण्याची वाट पाहावी लागते. यशाचा मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांचे तसे नाही. ती बक्षीस समारंभात मिळतात, आखातातून सुटीवर आलेल्या भावाच्या बॅगेतून येतात आणि आता तर मोबाइलवर दहा मिनिटांचा सारांश होऊन आपणहून येतात. वाचली जातात पुष्कळ, पण त्यांची समीक्षा मात्र कुणी करीत नाही. हे वाङ्मय नव्हे, असे म्हणून समीक्षक बाजूला होतात. आम्हाला हे सोयीचे वाटत नाही. कारण ज्या पुस्तकामुळे माणूस स्वतःला दोष देऊ लागतो, त्याची झडती घेणे हे समीक्षेचेच काम आहे.

हे आम्हाला एका विद्यार्थिनीने शिकवले. आम्ही शाळेच्या परिपाठात रॉबिन शर्मा यांच्या ‘द फाइव्ह एएम क्लब’ (२०१८) या पुस्तकाचे सार सांगितले होते. पहाटे पाचला उठा. पहिली वीस मिनिटे व्यायाम, पुढची वीस चिंतन आणि शेवटची वीस अभ्यास. मुलांनी टाळ्या वाजवल्या. महिनाभराने दहावीतल्या एका मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्हाला तारखांचा तक्ता दिसला. जवळजवळ प्रत्येक तारखेपुढे फुली होती. ती खाली मान घालून म्हणाली, “सर, मी सुस्तच आहे ना?” चौकशी केली तेव्हा कळले की ती पाचच्या आधीच उठत होती. आई अंथरुणाला खिळलेली. पाणी भरणे, भाकऱ्या, धाकट्या दोघांची तयारी यांतच तिची पहाट संपत होती. ती सुस्त नव्हती. आमच्या तक्त्यात तिच्या कामाला रकाना नव्हता, एवढेच.

तेव्हापासून आम्ही ही पुस्तके पुन्हा वाचली, पण या खेपेस त्या मुलीच्या बाजूने. स्टीफन कव्ही यांचे ‘सात सवयी’ हे पुस्तक १९८९ चे. तातडीचे आणि महत्त्वाचे यांत फरक करा, असे ते सांगतात. सल्ला चांगला आहे. पण तातडीचे काम बाजूला ठेवणाऱ्याच्या घरी ते दुसरे कुणीतरी करीत असते, आणि आमच्या घरांत ते दुसरे कुणीतरी बहुधा बाईच असते. डेव्हिड ॲलन यांनी २००१ च्या ‘गेटिंग थिंग्ज डन’मध्ये सांगितले की दोन मिनिटांत होणारे काम तेव्हाच उरकून टाका. ज्या बाईच्या दिवसात अशी दोन-दोन मिनिटांची शंभर कामे असतात, तिने हा नियम पाळला तर तिचे तीन तास वीस मिनिटे तिथेच गेली! शिक्षकाचेही काही निराळे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांना मर्यादा घालते. पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती-निवारण ही कामे त्यातही त्यांच्याकडेच ठेवली आहेत. आमच्या दिवसातल्या या भागाची मालकी आमच्याकडे नाही, हे वहीतले कोणतेही वेळापत्रक सांगत नाही.

जेम्स क्लियर यांचे ‘ॲटॉमिक हॅबिट्स’ (२०१८) या सगळ्यांत आम्हाला अधिक प्रामाणिक वाटले. निश्चयापेक्षा भोवतालची परिस्थिती प्रबळ असते, हे ते मान्य करतात. परंतु लोकांच्या तोंडी बसले ते त्यांचे गणित. रोज एक टक्का सुधारा, वर्षअखेर सदतीस पट व्हाल! गणित बरोबर आहे. पण ते चक्रवाढ व्याजाचे आहे, माणसाचे नाही. मिनिटाला वीस शब्द वाचणारे आमचे मूल या हिशेबाने वर्षाने मिनिटाला साडेसातशेहून अधिक शब्द वाचू लागेल. वर्गात शिकवणाऱ्याला ठाऊक असते की मूल दोन महिने जागचे हलत नाही, मग एका आठवड्यात उडी घेते, आणि घरात कुणी आजारी पडले की मागेही जाते. या मागे जाण्याला त्या आलेखात जागा नाही.

यावर आमच्यातले काही जण म्हणतील, आपल्याकडे फजर आहेच, आपल्याला पाचचा क्लब कशाला हवा? असा अभिमान सोपा आहे. फरक मात्र नीट पाहावा. फजरची वेळ आमच्या किनाऱ्यावर जूनमध्ये पाचच्या आत सुरू होते, जानेवारीत सहाच्या सुमारास. ती सूर्याबरोबर सरकते, आजाऱ्याला सवलत देते. क्लबचे घड्याळ कुणालाच सवलत देत नाही. त्याचबरोबर हेही कबूल केले पाहिजे की ‘वक्त में बरकत नहीं रही’ असे म्हणत नाक्यावर दोन-दोन तास बसणारे आमच्यातच आहेत. बरकत हा शब्द आळसाची ढाल होता कामा नये.

मग स्वमदत हा विचारच खोटा का? तसे नाही. या वाङ्मयाला ज्याचे नाव मिळाले ते सॅम्युएल स्माइल्स यांचे ‘सेल्फ हेल्प’ १८५९ चे. त्याचे मूळ लीड्स शहरातल्या गरीब तरुणांपुढे दिलेल्या व्याख्यानांत आहे. हे तरुण हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना शिकवीत असत. म्हणजे स्वमदतीची सुरुवात परस्परमदतीतून झाली! उर्दू शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेलेला सर सय्यद अहमद खान यांचा ‘अपनी मदद आप’ हा निबंधही याच विचाराचा. पण सर सय्यद निबंध लिहून थांबले नाहीत. १८७० मध्ये ‘तहजीबुल अखलाक’ काढले, १८७५ मध्ये अलीगढला शाळा उभी केली, तिचे पुढे कॉलेज झाले. त्यांच्या ‘आप’मध्ये अख्खी कौम होती. आजच्या पुस्तकांतला ‘आप’ एकटा आहे. त्याच्या हातात वही आहे, पण शेजारी कुणी नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. पोफळीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत कुणी आपापल्या कामांची यादी घेऊन बसले नाही. एकाची कोयती, दुसऱ्याचा दोर, तिसऱ्याच्या विहिरीचे पाणी, यांवर वाड्या सावरल्या.

याद्या करू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. आम्हीही करतो, आणि त्यांचा उपयोग होतो. अवजार घ्यावे, त्याबरोबर येणारा प्रवचनाचा भाग तपासून घ्यावा. जो सल्ला ‘तू कमी पडलास’ असे सांगतो, त्याला आधी विचारावे की तुझ्या हिशेबात या माणसाचे घर धरले आहे का?

त्या मुलीच्या वहीत आम्ही नवा तक्ता आखून दिला नाही. शाळा सुटल्यावर तिच्याच मोहल्ल्यातल्या चार मुलींना तिच्या ओट्यावर अभ्यासाला बसायला सांगितले. एक जण भाजी निवडते, दुसरी मोठ्याने वाचते. धाकटी भावंडेही मध्येच येऊन बसतात. परवा परिपाठात तीच मुलगी बोलायला उभी राहिली. पहाटे किती वाजता उठतेस, असे आम्ही तिला विचारले नाही.