हरवलेला गाव कोणाचा?

उलवे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा. पनवेल तालुक्यातील अशी दहा गावे विमानतळासाठी उठली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. उठलेल्या माणसाला आपले गावठाण, भातखाचर, खाडी आठवावी हे स्वाभाविकच आहे. त्या दुःखाची टिंगल करण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी ठार झाले. हे दुःख रक्ताचे आहे. पण आमची समीक्षा त्याला 'हरवलेला गाव' असे गोंडस नाव देते, तेव्हा विचारावेच लागते : कोणाचा गाव?

आनंद यादव यांची 'गोतावळा' (१९७१) या संदर्भात पुनःपुन्हा पुढे केली जाते. ट्रॅक्टर आला, बैल गेले, मळ्याचा जीव गेला, असे तिचे वाचन होते. हे वाचन अर्धे आहे. नारबा मळ्याचा मालक नाही, गडी आहे. गुराढोरांना तो गोतावळा मानतो, कारण माणसांत त्याला गोतावळा नाही. यादवांच्या बोलीचे सामर्थ्य वादातीत आहे. परंतु ट्रॅक्टरने नारबाचे जे नेले, ते मुळात त्याचे होते काय? समीक्षकांनी मालकाचा मळा नारबाच्या डोळ्यांनी पाहिला आणि तो सर्वांचाच समजला!

याशेजारी दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) ठेवावे. धामणगाव आणि मुंबईचा कावाखाना यांच्यात हे आत्मकथन येरझाऱ्या घालते. इथेही गाव सुटत नाही. आपली माणसे, आपली बोली तिथेच आहे. पण मेलेल्या जनावराच्या मांसाची वाटणी आणि महारकीची फरफटही तिथेच आहे. ओढ आणि शिसारी एकाच मनात नांदतात. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याची जी कठोर चिकित्सा केली, तिच्यानंतर दलित लेखकाने गावाची ओढ कबूल करणे सोपे नव्हते. पवारांनी ती लपवली नाही. आमच्या मते हेच 'बलुतं'चे वाङ्मयीन धैर्य.

पुन्हा पनवेलकडे येऊ. विमानतळात गेलेल्या जमिनीसाठी साडेबावीस टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ती जमीनधारकासाठी. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या मजुराच्या गावाचा मोबदला कोणत्या कोष्टकात बसवायचा? आणि याच तालुक्यातला कातकरी? पावसाळा संपला की त्याचे कुटुंब वीटभट्टीवर जाते. त्याच्या वाडीखालची जमीन बहुधा दुसऱ्या कोणाची तरी असते. 'चला गावाकडे' ही हाक त्याला देऊन पाहावी! तसा पावसाच्या तोंडावर दरवर्षी तोही परततोच. त्या परतीवरची कादंबरी आम्हांला वाचायची आहे.