मतप्रवर्तक गद्य

मतप्रवर्तक गद्य : वाचकाचे मन वळवून त्यास विशिष्ट मताकडे वा कृतीकडे नेण्याच्या हेतूने लिहिलेले गद्य. वक्त्याचे शील, श्रोत्यांच्या भावना व युक्तिवाद ही मन वळविण्याची तीन साधने ॲरिस्टॉटलने सांगितली. मम्मटाने काव्यप्रकाशात वेद, पुराणेतिहास व काव्य यांची तुलना अनुक्रमे प्रभू, मित्र व कांता यांच्या बोलण्याशी केली. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यकारांपुढे मात्र चौथेही एक नाते उभे राहिले. ते म्हणजे प्रतिपक्षाचे. मुद्रणामुळे अपरिचित, प्रसंगी विरुद्ध मताच्या वाचकाशी बोलणे त्यांना भाग पडले. प्रतिपक्षास त्यांनी आपल्या लेखनात कसे वागविले, यावर त्यांच्या तंत्राचे मोल अवलंबून आहे.

लोकहितवादींनी शतपत्रांसाठी (प्रभाकर, १८४८–५०) पत्राचा घाट निवडला. घरातील वडीलधाऱ्याने फटकारावे, तसे ते स्वजातीयांना फटकारतात. वाक्ये छोटी, पुनरुक्ती पुष्कळ. पण बोलणारा आपल्यातलाच आहे, ही जाणीव वाचकास सुटत नाही.

जोतीराव फुले यांनी गुलामगिरीत (१८७३) संवादाची योजना केली. धोंडिबा शंका विचारतो, जोतीराव उत्तर देतात. ज्या समाजात पुस्तक एकाने वाचावयाचे व अनेकांनी ऐकावयाचे, त्यास ही रचना मानवणारी होती. दशावतारांच्या परिचित कथा घेऊन त्यांचा अर्थ उलटा करणे, हे त्यांचे प्रमुख तंत्र. परशुराम चिरंजीव असेल, तर त्याने मुदतीत हजर व्हावे, असे पत्रच त्यांनी ग्रंथात घातले. प्रतिपक्षाचे गृहीत मान्य करून त्यालाच कोंडीत पकडण्याचा असा दुसरा नमुना त्या काळच्या मराठीत क्वचितच आढळेल. त्यांच्या व्युत्पत्ती अनेकदा ओढूनताणून आणलेल्या आहेत. परंतु ग्रंथाचे बळ त्यांवर उभे नाही.

१८७४ मध्ये निबंधमाला सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांपाशी या सर्वांहून समृद्ध साधने होती. मेकॉलेच्या वळणाची लांब, तोललेली वाक्ये, संस्कृत सुभाषितांची पेरणी आणि स्तुतीच्या मिषाने केलेली निंदा यांमुळे मराठी गद्याला पूर्वी नसलेला डौल आला. लोकहितवादी व फुले यांच्यावर त्यांनी हेच शस्त्र चालविले. फुले यांच्या व्याकरणाची व भाषेची त्यांनी केलेली थट्टा वाचताना वाचक हसतो आणि हसता हसताच लेखकाच्या पक्षास जाऊन मिळतो. मात्र हा वाचक बहुधा आधीच अनुकूल असे. शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा व शेतकऱ्याच्या नागवणुकीचा मुद्दा व्याकरणाच्या चुका दाखविल्याने खोडला जात नाही, आणि मालाकारांनी तो खोडलाही नाही. अशुद्धलेखनावरून विचाराची किंमत ठरविण्याची खोड मराठी समीक्षेस पुढेही दीर्घकाळ जडली, हे या उपहासाच्या यशाचेच एक फळ होय.

गोपाळ गणेश आगरकर यांनी सुधारकात (१८८८) पूर्वपक्ष शक्य तितका सबळ मांडून मग त्याचे खंडन करण्याची शास्त्रीय रीत अवलंबिली. उपहास त्यांनाही वर्ज्य नव्हता; पण तो युक्तिवादानंतर येतो, त्याच्या जागी नाही. यामुळे लेखनास लाभलेला प्रामाणिकपणा तत्काळ लोकप्रियता देणारा नव्हता.

ताराबाई शिंदे यांचा स्त्रीपुरुष तुलना (१८८२) हा निबंध सर्वांहून निराळा. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेस भ्रूणहत्येबद्दल झालेली शिक्षा व त्यावरून वृत्तपत्रांत उठलेले काहूर हे त्याचे निमित्त. स्त्रियांवर लादले जाणारे दोष एकेक घेऊन त्या ते पुरुषांच्या पदरात टाकतात. समोरच्यास थेट उद्देशून विचारलेले प्रश्न व माजघरातील बोली यांनी या निबंधास धार आली आहे. प्रतिपक्षाचीच यादी त्यास परत करणारे हे तंत्र चिपळूणकरी उपहासाहून अधिक भेदक ठरते, कारण त्यात उत्तर टाळण्यास वाव उरत नाही. फुले यांनी सत्सारच्या अंकात (१८८५) ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मूळ प्रकाशनास ९३ वर्षे लोटली होती.