नकाशावरची ‘तापी’

‘तापी’ म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांना सातपुड्यात उगम पावून खानदेशातून वाहणारी नदी आठवते. या नावाची एक नियोजित वायुवाहिनीही आहे. तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि इंडिया यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. तुर्कमेनिस्तानातील गाल्किनिश वायुक्षेत्रातून निघून हेरात, कंदाहार, क्वेटा, मुलतान या मार्गाने 1814 किलोमीटर अंतर तोडून तिने पंजाबातील फाजिल्काला पोहोचायचे आहे. लेखांतून ती एका ठळक रेघेने दाखवली जाते आणि जोडीला एक ठराविक विधान असते : ही वाहिनी शेजाऱ्यांमध्ये शांतता आणील. माझा आक्षेप या मांडणीला आहे. तिच्यातील रेघ विज्ञान झाकते आणि विधान इतिहास विसरते.

प्रथम विज्ञान पाहू. नदी उतारावरून आपोआप वाहते; वायूला ढकलावे लागते. नळीच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणामुळे दाब घटत जातो, म्हणून साधारणतः दर शंभर-दोनशे किलोमीटरला कॉम्प्रेसर केंद्र लागते. ही केंद्रे चालवण्यासाठी बहुधा वाहिनीतलाच थोडा वायू जाळला जातो.

एक ढोबळ गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. या वाहिनीची नियोजित क्षमता वर्षाला 33 अब्ज घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 1050 घनमीटर आहे. दाब 100 वातावरण धरला, तर बॉइलच्या नियमानुसार हे आकारमान साडेदहा घनमीटर होते. नळीचा व्यास 56 इंच, म्हणजे सुमारे 1.4 मीटर. तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की वेग येतो सेकंदाला जवळजवळ 7 मीटर, म्हणजे ताशी 25 किलोमीटर. वेगात सायकल चालवणाऱ्याइतकाच! या वेगाने वायू तीन दिवसांत फाजिल्काला पोहोचेल.

मग तो आजवर का पोहोचला नाही? या प्रकल्पाची बोलणी 1990 च्या दशकातली. भारत 2008 मध्ये त्यात सामील झाला. चार देशांचा करार 2010 मध्ये अश्गाबातला झाला आणि डिसेंबर 2015 मध्ये तुर्कमेनिस्तानात पायाभरणी झाली. अफगाणिस्तानातील कामाचा समारंभ फेब्रुवारी 2018 मध्ये झाला, तर हेरातपर्यंतच्या टप्प्याचे काम सुरू झाल्याची घोषणा सप्टेंबर 2024 मध्ये झाली. तीन दिवसांच्या प्रवासाची तयारी तीन दशके चालली आहे.

याचे कारण पुन्हा वायूच्या गुणधर्मापाशी येते. सामान्य दाबाला वायू फार जागा व्यापतो. उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्याचा द्रव केला, तर आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते आणि तो जहाजाने नेता येतो. गुजरातमधील दहेज येथे 2004 पासून कतारचा वायू असाच येऊ लागला. एका विक्रेत्याशी बिनसले, तर जहाज दुसऱ्या बंदराकडे वळवता येते. तुर्कमेनिस्तानला मात्र खुला समुद्र नाही. कास्पियन चहूबाजूंनी बंद आहे. त्याला नळीच हवी, आणि पुरलेली नळी वळवता येत नाही. विक्रेता, ग्राहक आणि मधले देश वीस-तीस वर्षांसाठी एकमेकांना बांधले जातात. सुमारे एक हजार कोटी डॉलर जमिनीत पुरण्याआधी पैसा घालणारा विचारणारच, की मधल्या देशाने झडप बंद केली तर काय?

आता ‘शांतता आणील’ हे विधान. त्याच्या बाजूने एक भक्कम उदाहरण आहे. सोव्हिएत संघ आणि पश्चिम जर्मनी यांच्यात 1970 मध्ये करार झाला, 1973 मध्ये पुरवठा सुरू झाला आणि शीतयुद्ध चालू असतानाही वायू वाहत राहिला. पण पुढचेही सांगितले पाहिजे. रशिया आणि युक्रेन यांच्या वादात 2006 आणि 2009 च्या जानेवारीत वायू अडला. 2009 मध्ये तर ऐन हिवाळ्यात युरोपातील अनेक देशांचा युक्रेनमार्गे येणारा पुरवठा सुमारे दोन आठवडे बंद होता. युक्रेनवरचे 2022 चे आक्रमणही त्या नळ्यांनी थोपवले नाही. सप्टेंबर 2022 मध्ये बाल्टिक समुद्राच्या तळाशी असलेल्या नॉर्ड स्ट्रीम वाहिन्याच स्फोटांनी फुटल्या.

यावरून वाहिन्या बांधूच नयेत असे मला म्हणायचे नाही. विश्वास असेल तर वाहिनी तो वाढवू शकते. नसलेला विश्वास ती निर्माण करत नाही. तंत्रज्ञान आले की माणसांमधले प्रश्न आपोआप सुटतात, असा समज आपल्या नकळत अशा रेघांमधून मुलांच्या मनात रुजतो. विज्ञान शिकवणाऱ्याने तरी तो रुजू देऊ नये.

म्हणून वर्गात हा नकाशा लावाल तेव्हा वरचे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्या. मग प्रत्येक सीमेवर बोट ठेवून विचारा : येथे झडप कोणाच्या हातात असेल, आणि ती बंद झाली तर कोणाचे किती नुकसान होईल?