पाटी, पत्रक आणि पडदा

समीक्षेसाठी राखलेल्या पानांवर दुकानाच्या पाट्या, हस्तपत्रके आणि संकेतस्थळे यांचा विचार झालेला पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांना माझे सांगणे एवढेच, की पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत वर्षाकाठी जेवढी माणसे कवितासंग्रह उघडतात, त्यांच्या कितीतरी पट माणसे रोज पाट्या वाचतात. लिपीचा पहिला संस्कार शाळेत होतो असे आपण समजतो. वास्तविक तो बाजारात होतो. आणि ज्या भाषेची अक्षरे बाजारातून उठतात ती भाषा पुढे सभासंमेलनांपुरती उरते, हे सीमाभागातील वाचकाला निराळे सांगायला नको.

या अक्षरांचा आजचा कर्ता कोण? पूर्वी दोघे होते. छापखान्यातला जुळारी आणि ब्रशने पाटी रंगवणारा पेंटर. या दोघांची, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मुद्रितशोधकाचीही, जागा आज एकट्या मुक्त डिझायनरने घेतली आहे. त्याला नोकरी नसते, दुकानही बहुधा नसते. घरातल्या एका खोलीत संगणक मांडून तो सकाळी हार्डवेअरवाल्याचे बिलबुक करतो, दुपारी लग्नाची पत्रिका, आणि रात्री मोरजीतल्या एखाद्या गेस्ट हाऊसचे संकेतस्थळ. यांतले काही पणजीच्या आल्तिन्यावरील, १९७२ साली सुरू झालेल्या गोवा कला महाविद्यालयात शिकलेले असतात. काहींचा हात केवळ डीटीपी सेंटरमध्ये बसून बसलेला असतो. त्यांना काम पुरवणारा ग्राहकही बदलला आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले, आणि खनिजाच्या ट्रकांवर ज्यांचे घर चालत होते अशा डिचोलीतल्या अनेकांना दुसरा धंदा शोधावा लागला. तिकडे पेडण्यात जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर विमाने उतरू लागली. केटरर, मंडपवाला, टॅक्सीवाला, खोल्या भाड्याने देणारा, काजू विकणारा अशा सर्वांना कार्ड हवे, बोर्ड हवा, 'वेबसाइट' हवी. एवढे काम एवढ्या थोड्या हातांतून जात असताना त्याची समीक्षा कोणीच करू नये, हे मला बरे वाटत नाही.

गोमंतकाला या बाबतीत वारसा नाही असे नाही. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत लिहिले गेले, पण १६१६ साली ते छापले गेले रोमन अक्षरांत. कारण साधे होते. नागरीला जोडाक्षरे धरून शेकड्यांनी खिळे लागतात, आणि ते गोव्यात पाडले गेले नव्हते. पुढे मराठी अक्षराला देखणे करणारे जे हात मुंबईत गाजले, त्यांत दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आणि रघुवीर मुळगावकर हे दोघे गोमंतकातले. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. आणि मुळगावकरांच्या आडनावातले मुळगाव तर डिचोली तालुक्यातच आहे. घरोघरी भिंतीवर लागलेल्या त्यांच्या देवदेवतांच्या कॅलेंडरांना कुणी 'डिझाइन' म्हटले नाही, पण ते डिझाइनच होते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. स्टीफन्सच्या काळी खिळे नव्हते म्हणून मराठी रोमन अक्षरांत गेली. आज काय आहे? १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघर पोचला. मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मुक्ता' कोणालाही फुकट वापरता येतो. २०१४ पासून संकेतस्थळाचा पत्तासुद्धा '.भारत' असा नागरीत घेता येतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी जे खिळे मिळत नव्हते, ते आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. आणि तरीही नवरात्राचे निमंत्रण फोनवर येते ते पुष्कळदा रोमन अक्षरांतली मराठी घेऊन. तेव्हा अडचण खिळ्यांची होती. आजची अडचण सवयीची आहे, आणि सवयीला समीक्षेने हात घालता येतो.

प्रत्यक्ष कामे पाहू. दशावतारी नाटकाचे जुने हस्तपत्रक घ्या. वर मधोमध देवतेचे नाव आणि 'प्रसन्न'. खाली जत्रेचे निमित्त. मग मंडळाचे नाव. त्याहून ठसठशीत नाटकाचे नाव. मग स्थळ, वार, वेळ. आणि शेवटी अगत्याचे निमंत्रण. एक-दोन रंग, हलका कागद, आणि तरीही चार पावलांवरून कळावे ते कळत असे. या रचनेत एक क्रम आहे : आधी देव, मग गाव, मग कला, मग तपशील. जुळाऱ्याला तो कोणी शिकवला नव्हता. मोठे खिळे मोजके असल्यामुळे मोठे काय करायचे हे ठरवणे त्याला भागच होते. आज त्याच नाटकाचे फ्लेक्स पाहावे, तर नाटकाचे नाव शुभेच्छुकांच्या चौदा चेहऱ्यांमध्ये शोधावे लागते. सोनेरी कड, सावली, मागे पेटलेला सूर्य. साधने अमर्याद झाली आणि निवड संपली. दोष एकट्या डिझायनरचा नाही हे मला मान्य आहे. चेहरे मोजून पैसे देणारा ग्राहक समोर बसलेला असतो. पण निवड करणे हेच कलावंताचे काम, आणि ती सोडली की उरते ती केवळ मजुरी.

दुसरा दोष अक्षराचा. इंग्रजी मथळ्याची अक्षरे सुटी सुटी, ऐसपैस मांडण्याची एक रीत आहे. तीच रीत देवनागरीला लावली, की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसते. पडद्यावर दोन ओळींतले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले, की वरची वेलांटी आणि रफार कापले जातात, खालचा उकार पुढच्या ओळीत शिरतो. 'तिसऱ्या' हा आपल्या बाजारातला अगदी रोजचा शब्द. हॉटेलांच्या कार्डांवर तो मला 'तिसर्या' असा रफार डोक्यावर घेऊन भेटतो, म्हणजे तो वाचणाऱ्याने 'तिसर्‌-या' म्हणायचे. मराठी वळणाचे ल आणि श कसे असावेत हे महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने सांगितले आहे. फॉन्टमध्ये ते असतातही, पण निवडायला कोणी जात नाही. जुन्या फॉन्टमध्ये केलेली पत्रिका नव्या संगणकावर उघडली, की अक्षरांची रांगोळी होते. मग घाईत कोणीतरी ती पुन्हा टाइप करतो आणि नवऱ्या मुलाच्या आजोबांचे नाव चुकते. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पत्रिका घरात जपून ठेवली जाते.

तिसरा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. तो नावांचा आहे. पोर्तुगिजांनी आपली गावे त्यांच्या कानाने लिहिली : पेडण्याचे पेर्नेम, डिचोलीचे बिचोलिम, साखळीचे सांकेलिम, हरमलचे आरांबोल. शेवटचा तो 'म' म्हणजे त्यांच्या लेखनातली अनुनासिकाची खूण. तो उच्चारायचा नसतोच. सरकारी कागदांवर ही रूपे राहिली ते एक असो. पण आता संकेतस्थळ इंग्रजीत तयार होते, मग यंत्राकडून त्याचे मराठी करून घेतले जाते, आणि यंत्र इमानेइतबारे 'परनेम' आणि 'बिचोलिम' असे देवनागरीत छापते. म्हणजे आपल्याच लिपीत आपल्याच गावाचे नाव परके होऊन परत येते. मांद्रे 'मँड्रेम' होते, केरी 'क्वेरिम' होते. ज्या शब्दाला इतक्या वर्षांत लोकांनी तोंडात शिरू दिले नाही, तो आता डोळ्यांवाटे शिरतो आहे. पुढच्या पिढीतले मूल शोधताना जे टाइप करील, तेच त्याला खरे वाटेल. एका कार्डावरचा एक शब्द दुरुस्त करण्याला मी एवढे महत्त्व देतो ते यासाठी.

कायद्याने हे सुटेल काय? पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेले की महाराष्ट्राचा कायदा लागतो. २०२२ च्या दुरुस्तीने तिथे लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर इतर लिपीहून लहान नसावे असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. बेळगावकडे कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीने पाटीचा साठ टक्के भाग कन्नडसाठी राखला, आणि तिथल्या मराठी दुकानदाराचे दुखणे आपण जाणतोच. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीलाही शासकीय वापरासाठी मान्यता दिली. दोहोंची लिपी देवनागरीच. कायद्यांचे मूल्य मी कमी लेखत नाही. परंतु कायदा अक्षराची उंची मोजतो, त्याचे वळण मोजत नाही. मुदत संपत आली म्हणून इंग्रजी पाटीच्या वर घाईने चिकटवलेली मराठी पट्टी कायद्यात बसते आणि डोळ्यांत खुपते. उलट, मालाच्या वेष्टनावर अन्नविषयक नियमांनी इंग्रजी किंवा हिंदी मजकूर पुरेसा धरला असला, तरी जोडीला मराठी छापायला कोणी हरकत घेतलेली नाही. खाज्यांना आणि हरमलच्या मिरचीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. निर्देशांकाचा अर्थच असा, की हा माल या मातीचा. मग पाकिटावर त्या मातीची लिपी नसावी, हा त्या मालाच्या नावाशीच विसंवाद आहे.

चांगले काम होत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. डिचोली भागातल्या एका तरुणाने केलेला खाज्यांचा खोका माझ्यासमोर आहे. करड्या पुठ्ठ्यावर एकाच गडद तांबड्या रंगात 'खाजे' ही दोनच अक्षरे, हाताने काढलेली. 'ख' आणि 'ज' यांचे पोट खाज्यासारखेच फुगीर. खाली बारीक अक्षरांत घटक, वजन, गाव. जत्रेच्या दुकानात कागदाच्या पुडीत मिळणारा पदार्थ इथे खोक्यात आला, पण पुडीचा साधेपणा त्याने सोडला नाही. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरालाच चित्र केले, त्या परंपरेतले हे काम आहे. त्यालाही उणीव आहे : गावाचे नाव त्याने इंग्रजी स्पेलिंगवरूनच नागरीत आणले आहे. अक्षर ज्याला एवढे कळले, त्याने नावही कानाने ऐकायला हवे होते.

डिझायनरची बाजूही पाहिली पाहिजे. मराठी मजकूर बसवायला इंग्रजीपेक्षा वेळ अधिक लागतो, आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. 'लोगो थोडा मोठा करा' हे सांगायला ग्राहक तीनदा येतो. प्रूफ वाचायला एकदाही येत नाही. छापखान्यात प्रूफ वाचणारा वेगळा माणूस असे आणि त्याचा पगार कामाच्या किमतीत धरलेला असे. आज तो खर्च वाचला असे आपण मानतो. वास्तविक तो खर्च भाषा भरते आहे.

म्हणून माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत. डिझायनराने आपल्या दरपत्रकात मराठी मजकूर आणि प्रूफवाचन यांची वेगळी ओळ घालावी आणि ते पैसे लाजू नये इतक्या स्पष्टपणे मागावेत. दुकानदाराने ते द्यावेत. गावातल्या शिक्षकाने, ग्रंथपालाने छपाईआधी एक नजर टाकावी. साहित्य मंडळांनी कविसंमेलनाच्या जोडीला वर्षातून एकदा आपल्या बाजारपेठेतल्या उत्तम पाटीला, उत्तम पत्रिकेला, उत्तम मराठी संकेतस्थळाला बक्षीस द्यावे. पुस्तकांची परीक्षणे आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलो. ज्या अक्षरांतून लोक धान्य, औषध आणि बसची वेळ वाचतात, त्यांचेही परीक्षण व्हायला हवे. डिचोलीच्या दुकानावर 'डिचोली' असे नीट, न तुटलेल्या शिरोरेघेखाली लिहिलेले असणे, ही माझ्या मते एका चांगल्या कवितेहून कमी मोलाची गोष्ट नाही.