पुस्तकातील बोटे आणि कानातील तारा : गिटारवरील आर्पेजिओच्या ग्रंथाधारित शिक्षणाची चिकित्सा

वाद्य अथवा गायन पुस्तकावरून शिकता येते काय, हा प्रश्न मराठी संगीतविचाराला नवा नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी बंदिशी स्वरलिपीबद्ध करून क्रमिक पुस्तक मालिका सिद्ध केली, तेव्हापासून स्वरलिपीत काय मावते आणि काय निसटते याविषयी वाद चालत आला आहे. मात्र या वादातील दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती ही की पुस्तक उघडणाऱ्यासमोर कोणी तरी शिकविणारा बसलेला असणार. गिटारच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. आज प्रचलित असलेली या वाद्याची अनेक शिक्षणपुस्तके एकट्या वाचकाला उद्देशून लिहिलेली असतात आणि तो वाचकही त्यांच्याकडे गुरूचा पर्याय म्हणूनच पाहतो. आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डमधील स्वर एकदम न छेडता एकामागून एक छेडण्याची क्रिया, हा या पुस्तकांतील सर्वांत काटेकोर भाग होय. पुस्तकाचे सामर्थ्य आणि त्याची उणीव, दोन्ही येथे एकाच पानावर दिसतात.

देवनारसारख्या उपनगराचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. चित्रपटसंगीताशी या परिसराचा संबंध जुना. राज कपूर यांचे निवासस्थान देवनार फार्म रोडवर होते आणि आर. के. स्टुडिओ शेजारच्या चेंबूरला. (स्टुडिओच्या जागेचा व्यवहार २०१९ मध्ये आणि बंगल्याचा २०२३ मध्ये झाला, दोन्ही ठिकाणे एकाच गृहबांधणी कंपनीकडे गेली.) त्या चित्रपटांच्या संगीतामागे गोव्याहून आलेल्या वादकांचा मोठा वाटा होता. शंकर-जयकिशन यांचे संगीत-संयोजक सेबॅस्टियन डिसूझा हे त्यांपैकी एक. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना आधी स्वर वाचून गाण्याचे, म्हणजे सोल्फेजिओचे, शिक्षण मिळे आणि वाद्य हाती येई ते नंतर. कागदावरील टिंबाचा अर्थ बोटांना कळण्याआधी गळ्याला व कानाला कळलेला असे. आज देवनारहून पुस्तक आणायला निघालेला विद्यार्थी गोवंडीला हार्बर मार्गाची गाडी पकडतो आणि धोबीतलावला, १८६५ पासून चालत आलेल्या फुर्टाडोच्या दुकानी पोहोचतो. त्याला पुस्तक मिळते. पुस्तकाआधीचा टप्पा मात्र त्याच्या वाट्याला येतोच असे नाही.

आर्पेजिओच्या पुस्तकांची परंपरा मावरो जुलियानी या इटालियन वादकापासून सांगितली जाते. १८१२ मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात उजव्या हाताचे १२० स्वाध्याय आहेत. डाव्या हाताला काम जवळजवळ नाहीच. सी मेजर आणि जी सेव्हन्थ या दोन कॉर्ड आलटून-पालटून धरावयाच्या. बदलतो तो उजव्या हाताच्या बोटांचा क्रम. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांसाठी पी, आय, एम, ए ही स्पॅनिश शब्दांची आद्याक्षरे पुढे रूढ झाली. चार बोटांच्या मांडणीचा एवढा शिस्तबद्ध पट क्वचितच कोणी मांडला असेल. सव्वादोनशे वर्षांच्या उंबरठ्यावरही तो बाद झालेला नाही. स्कॉट टेनंट यांच्या 'पंपिंग नायलॉन' (१९९५) या लोकप्रिय पुस्तकात हे १२० स्वाध्याय पुन्हा छापले गेले.

परंतु दोनच कॉर्ड का, आणि याच दोन का, हा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारत नाही. 'सा' सी-वर मानल्यास पहिल्या कॉर्डमध्ये सा-ग-प आणि दुसऱ्या कॉर्डमध्ये प-नी-रे-म हे स्वर येतात. दुसरीकडून पहिलीकडे परतताना मध्यम गंधारावर उतरतो आणि निषाद षड्जाला जाऊन मिळतो. ताण आणि विसावा यांचा हा सर्वांत लहान प्रसंग होय. तो ऐकू यायचा तर तारा एकमेकींवर पसरून वाजत राहिल्या पाहिजेत. ज्याची बोटे घाईने उचलली जातात त्याचा क्रम बिनचूक राहतो, पण हा प्रसंग घडतच नाही. १२० आकृत्या पाठ झालेल्या विद्यार्थ्याला एकदाही कॉर्ड ऐकू आलेली नसणे, ही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे.

दोष केवळ विद्यार्थ्याचा नाही, लिपीचाही आहे. स्टाफ नोटेशनमध्ये अंगठ्याचा मंद्र स्वर पुष्कळदा खाली दांडी काढून दीर्घ मात्रेचा लिहिला जातो. वरचे स्वर मात्र छापील हिशेबात लगेच संपतात. प्रत्यक्षात डाव्या हाताचे बोट उचलले जाईपर्यंत त्यांनी नादत राहावे अशी अपेक्षा असते. हा संकेत जाणकाराला ठाऊक असतो, नवख्याला कोणी सांगावा लागतो. टॅब पद्धतीत तार आणि पडदा यांचा आकडा तेवढा मिळतो. उजव्या हाताची बोटे बहुधा गाळलेलीच असतात.

त्यातच शब्दाचा घोटाळा. 'आर्पेजिओ' हा शब्द वीणासदृश हार्प या वाद्याच्या इटालियन नावावरून आला आणि त्यात तारांचे एकत्र नादणे अभिप्रेत आहे. पण पिकने वाजविण्याच्या जॅझ व रॉक शैलीच्या पुस्तकांत हाच शब्द वेगळ्या अर्थी येतो. तेथे कॉर्डचे स्वर तानेसारखे, एका वेळी एकच आणि मागचा स्वर मिटवून, वाजवायचे असतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांत स्केलच्या जोडीने विचारला जाणारा आर्पेजिओ या दुसऱ्या अर्थाला जवळचा. दोन प्रकारची दोन पुस्तके शेजारी ठेवून अभ्यास करणाऱ्याला एक पुस्तक तार वाजू द्या म्हणते आणि दुसरे तार दाबा म्हणते. शीर्षक मात्र दोहोंकडे एकच.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत यात आणखी एक पदर मिसळतो. सा-ग-प हे स्वर क्रमाने दिसले की त्याला अलंकार आठवतो, पलटा आठवतो. स्वरांची रांग म्हणून तो आर्पेजिओकडे पाहतो. हे स्वाभाविक आहे; या भूमीत गिटारला रागसंगीताची प्रतिष्ठा मिळाली तीही एकस्वरी वाद्य म्हणूनच. 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) या ध्वनिमुद्रिकेतील ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार मींडेने गाते, कॉर्ड धरत नाही. तथापि अलंकाराची उपमा येथे दिशाभूल करते. जवळची उपमा तंबोऱ्याची आहे. पंचमाची तार मध्यमेने आणि उरलेल्या तिन्ही तारा तर्जनीने छेडताना तंबोरा शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगितले जाते ते हेच, की आघात ऐकू येऊ देऊ नये, दोन छेडींमधले अंतर समान असावे आणि मागची तार विरण्याआधी पुढची जागी व्हावी. मिरजेचे कारागीर जवारी लावताना ज्या नादासाठी खपतात तो एका तारेचा नसतो. आर्पेजिओ म्हणजे ज्याचा आधारस्वर वाटेत बदलतो असा तंबोरा, असे म्हटल्यास ज्युलियार्डच्या प्राध्यापकाला कदाचित हसू येईल. परंतु मराठी घरात वाढलेल्या कानाला ते एका वाक्यात कळेल.

ही उपमा एका तांत्रिक पेचावरही प्रकाश टाकते. आधुनिक पुस्तके छेडण्यापूर्वी बोटे तारांवर टेकवून ठेवण्याची, अर्थात प्लँटिंगची, शिफारस करतात. चढत्या क्रमात अंगठा वाजताना उरलेली तिन्ही बोटे एकदम आपापल्या तारांवर बसवायची. हात स्थिर होण्यासाठी हे उपयुक्त आहे. पण टेकलेले बोट वाजत असलेली तार बंद करते, म्हणजेच प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी मागचा नाद तुटतो. प्लँटिंग ही शिकण्याची पायरी आहे, वादनाचा नेहमीचा रिवाज नव्हे, हे समोर बसलेला शिक्षक पाचव्या मिनिटाला सांगेल. पुस्तकातला विद्यार्थी सहा महिने तार बंद करीत राहू शकतो.

फर्नांदो सोर याचा १८३० चा पॅरिसमधील ग्रंथ या दृष्टीने वेगळा ठरतो. त्यात आकृत्यांपेक्षा विवेचन अधिक आहे. हाताची ठेवण अमुकच का, याची कारणे तो देतो आणि अनामिकेचा वापर जपून करतो. वाचकाला पटवून देण्याची गरज ज्याला वाटली असा हा लेखक आहे. असे असूनही प्रसार जुलियानीच्या आकृत्यांचा अधिक झाला, याचे कारण शोधणे कठीण नाही. आकृती मोजता येते. आज किती झाल्या, किती उरल्या, मेट्रोनोम कोठवर गेला, हे सांगता येते. विवेचनाचा असा हिशेब ठेवता येत नाही.

लयीच्या संदर्भात तर आपल्याकडे जे साधन आहे ते या पुस्तकांत नाही. तबल्याचा विद्यार्थी बोल आधी तोंडाने म्हणतो. पढंत पक्की झाल्याशिवाय हात चालत नाही. अंगठा–तर्जनी–मध्यमा–अनामिका–मध्यमा–तर्जनी हा सहा आघातांचा प्रचलित क्रम दादऱ्यात म्हणून पाहावा. समेवर अंगठा येतो आणि चौथ्या मात्रेच्या खालीवर अनामिका, म्हणजे हातातील सर्वांत दुबळे बोट. तोच क्रम तीन मात्रांत दोन-दोन आघातांनी विभागला की वजन अंगठ्यावर, मध्यमेवर आणि पुन्हा मध्यमेवर पडते. बोटे तीच, संगीत वेगळे. छापील पानावर हा भेद टिंबांना जोडणाऱ्या आडव्या रेषेपुरता असतो आणि बोटांच्या आद्याक्षरांवर नजर खिळलेल्याला ती रेषा दिसत नाही. तोंडाने म्हटल्यास भेद लपत नाही.

तंबोऱ्याची उपमाही एका मर्यादेपर्यंतच नेता येते. मात्तेओ कार्कासी याच्या साठाव्या ओपसमधील पंचवीस एट्यूडपैकी तिसरी, ए मेजरमधील, पाहिली की ते ध्यानात येते. सारी रचना आर्पेजिओची आहे. पण वरच्या तारांवर अनामिकेने वाजणारे स्वर मिळून एक चाल होते. ती इतर स्वरांच्या वर उचलून धरावी लागते, आणि तीही त्यांचा नाद न तोडता. सर्व आघात समान करण्यात वर्ष घालविलेल्या बोटांना येथे एकदम असमान व्हावे लागते. किती असमान, याचे माप पानावर कोठेही छापलेले नाही. ती चाल आधी गुणगुणून पाहिलेल्या विद्यार्थ्याचे बोट ते आपोआप शोधते.